खाली घेतलेला माणूस

आमच्या इमारतीवर 'शुश्रूषागृह' अशी पाटी होती. पाटी सरकारी नोंदणीसाठी लावलेली होती, तिच्यावर विश्वास कुणाचाच नव्हता. बेलापूरला टेकडीच्या पायथ्याशी मी बसमधून उतरायला लागले की कंडक्टर घंटी जरा हळू मारायचा. नेरूळच्या आमच्या सोसायटीतल्या बायका मला हळदीकुंकवाला बोलवायच्या, पण वाण देताना हाताला हात लागणार नाही याची काळजी घ्यायच्या. मुंबईच्या मोठ्या इस्पितळांतून 'आता घरी न्या' असं सांगून सोडलेले कॅन्सरचे पेशंट आमच्याकडे यायचे आणि आमच्याकडून कुणी घरी जायचं नाही. एवढं सगळ्यांना माहीत होतं.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. शहर अर्धं बांधून झालं होतं. टेकडीत खडीच्या खाणी होत्या. तिथे सुरुंग उडाला की सलाइनच्या बाटल्या हलायच्या आणि झोपेत असलेला पेशंट दचकून जागा व्हायचा. वारा पावणे गावाकडून आला की कारखान्यांचा आंबट वास यायचा, खाडीकडून आला की चिखलाचा. मी तिथली नर्स, रत्नागिरीकडची, तिशीतली, स्वभावाने तिरसट. मरणाऱ्या माणसांशी मी गोड बोलायचे आणि जिवंत माणसांवर डाफरायचे, असं आमचे डॉक्टर म्हणायचे. ते खोटं नव्हतं.

मरायला आलेल्या माणसांच्या घरासाठी सरकारात तेव्हा कसलाच नियम नव्हता. त्यामुळे बऱ्या होणाऱ्या माणसांच्या दवाखान्याचे नियम आम्हाला लावले होते. तपासणीला येणारे साहेब विचारायचे, "ऑपरेशन थिएटर कुठे आहे?" नाही, साहेब. "बाळंतिणीची खोली?" नाही. "बरे होऊन गेलेले पेशंट किती?" यावर आमचे डॉक्टर खोकायचे. ते म्हातारे होते, ट्रस्टच्या प्रेमापोटी आठवड्यातून काही दिवस यायचे, आणि नोंदणी रद्द झाली तर एवढ्या माणसांना कुठे नेऊन टाकायचं, या काळजीने त्यांची झोप उडालेली असायची.

त्या नोंदणीपायीच कंत्राट आलं. पूर्वी आमच्या आया आसपासच्या गावांतल्या होत्या. मग, स्वच्छता अमुक वेळा झाली पाहिजे, मदतनीस तमुक संख्येने पाहिजेत, अशी सूचना आली. ट्रस्टला ते झेपेना, म्हणून लादी पुसणं, कपडे धुणं, पेशंट उचलणं हे सगळं एका कंत्राटदाराला देऊन टाकलं. त्याच्या बायका निळ्या साड्या नेसून यायच्या. मराठवाड्यातल्या दुष्काळी गावांतून आलेल्या, तुर्भ्याच्या झोपड्यांत राहणाऱ्या. कामाला वाघ, पण मुकादमाच्या शब्दाबाहेर पाऊल टाकायची त्यांना चोरी.

आणि या सगळ्याच्या वर एक अट होती, तिच्यावरून माझा तिळपापड व्हायचा. आपल्याकडे जीव जायची वेळ आली की माणसाला खाटेवरून खाली, जमिनीवर घेतात. खाटेवर गेलेला माणूस अधांतरी राहतो, ना मातीचा ना आभाळाचा, अशी समजूत. आमच्याकडे तर दर दोन-चार दिवसांनी कुणाला तरी खाली घ्यायची वेळ यायची. आदल्या वर्षी साहेब तपासणीला आले तेव्हा नेमक्या दोन बायका लादीवर होत्या, शेजारी नातेवाईक, पेटलेली उदबत्ती. साहेबांनी शेरा मारला आणि अट घातली: कोणत्याही परिस्थितीत रुग्ण जमिनीवर ठेवू नये, अन्यथा नोंदणीचं नूतनीकरण होणार नाही. तेव्हापासून माणूस मरत असताना त्याच्या लेकरांशी भांडायचं काम माझ्याकडे आलं. "खाली नाही घेता येणार, सरकारचा नियम आहे." एका मुलाने मला तोंडावर सांगितलं, "सरकारच्या बापाला सांगा खाटेवर मरायला." मनातून मी त्याच्याच बाजूची होते. कधीकधी खोलीचं दार लावून घ्यायचे आणि शेवटच्या घटकेपुरतं त्यांना त्यांच्या मनासारखं करू द्यायचे.

तेव्हा आमच्याकडे तळमजल्यावर एक गृहस्थ होते. आगरी, पावण्याकडच्या गावातले. भातशेती कारखान्यांना गेल्यावर एका कारखान्यातच पहारेकरी झालेले. तोंडाचा कॅन्सर होता. जीभ कापून काढलेली, आणि गालाला आरपार भोक पडलेलं. बोलता येत नव्हतं, पण डोळे इतके बोलके की मी त्यांच्याशी तास न् तास गप्पा मारायचे. म्हणजे मी बोलायचे आणि ते भुवया उडवायचे. खिडकीशी असलेली त्यांची लोखंडी खाट त्यांना फार आवडायची. तिथून टेकडी दिसायची, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे पाठीच्या जखमांना तिथे आराम होता. जखमा टेकू नयेत म्हणून मी त्यांच्यासाठी कापसाची कडी केली होती, फुगवायची रबरी गादी कुठून कुठून मिळवली होती. त्या गादीवर कुशीला वळवलं की त्यांना थोडी झोप लागायची. बाकी दुखणं असं होतं की बघवत नसे. गुंगीच्या औषधांचा नवा कायदा आल्यापासून मॉर्फीनचं इंजेक्शन मिळवताना डॉक्टरांच्या नाकी नऊ यायचे. जे मिळेल ते आम्ही पुरवून पुरवून वापरायचो.

त्यांची बायको कायम सोबत असायची. पन्नाशीची, काटक, कासोट्याचं लुगडं. भातातलं पाणी फडक्याने गाळून ती थेंबाथेंबाने त्यांच्या घशात सोडायची, गालातून बाहेर आलेलं पदराने टिपायची. वर्षभर ती असंच करत होती. मी तिला मावशी म्हणायचे, त्यांना काका.

एका दुपारी मी वरच्या मजल्यावर होते. खाली आले तर मावशींच्या खोलीसमोर त्यांचा दीर चपला घालून घाईने बाहेर पडत होता. आत पाहिलं तर खाट रिकामी. खाली लादीवर घोंगडी अंथरलेली, तिच्यावर ते गृहस्थ, पाय दक्षिणेला. ओठांवर तुळशीचं पान. मावशींनी गंगाजळ घातलं होतं, ते गालातल्या भोकातून मानेवर ओघळलं होतं.

"श्वास गेला, बाय," मावशी म्हणाल्या. "आमी दोघांनी खाली घेतला."

मी गुडघ्यावर बसले. शेवटच्या दिवसांत श्वास असाच करतो. लांबतो, थांबतो, इतका थांबतो की घरच्यांना वाटतं आटोपलं. आणि मग कुठून तरी परत येतो. मी त्यांच्या छातीवर हात ठेवून थांबले आणि छाती वर आली. मग पुन्हा. संध्याकाळपर्यंत त्यांनी डोळेसुद्धा उघडले. चांगले ओळखीचे डोळे. त्यांनी छताकडे पाहिलं, बाजूच्या खाटेकडे पाहिलं, आणि आपण कुठे आहोत ते त्यांना कळलं. ते कळताना मी त्यांच्याकडे बघत होते. असं कुणाचं तोंड पुन्हा बघायची माझ्यावर वेळ येऊ नये.

मी म्हटलं, "चला मावशी, वर घेऊ या. पाठ सोलून निघेल लादीवर."

मावशी हळूच म्हणाल्या, "खाली घेतलेला मानूस परत वर नाय घेवाचा, बाय."

हे मी त्याआधी ऐकलं नव्हतं असं नाही. पण ऐकणं वेगळं. एकदा मातीच्या हवाली केलेला माणूस परत उचलायचा म्हणजे मातीला दिलेलं काढून घ्यायचं, मग तो कुठलाच राहत नाही, घराला लागतो, असं काहीतरी. आणि तेवढ्यात दीर गावातून परत आला तो एकटा आला नाही. टेम्पो भरून माणसं आली. भाऊबंद, बायका, भजनातले म्हातारे. टेम्पोत बांबू होते, मडकं होतं. सांगावा गेला होता, गावातल्या घरी चूल विझवली होती. माणसं आमच्या अंगणात उतरली, त्यांना कळलं की अजून आहे, आणि ती कुंपणापाशी बसून राहिली. कुणी काही वाईट बोललं नाही. नुसती बसली.

मी कंत्राटाच्या दोन बायकांना हाक मारली. त्या आल्याही. तेवढ्यात मुकादम आडवा आला. "सिस्टर, नातेवाईक नको बोलतात तर आपण हात नाय लावायचा. आपल्याला लफडा नको. उद्या बाईला गावात धरून मारली तर कोण येणार?" एका बाईने खाली वाकलेली कंबर तशीच सरळ केली आणि माझ्याकडे न बघता निघून गेली, मागोमाग दुसरीही. मग मी एकटीनेच त्यांच्या काखेत हात घातले. दिराने माझं मनगट धरलं. जोराने नाही, घरातल्या हट्टी मुलीचं धरतात तसं.

"त्यांना विचारा तरी," मी ओरडले. "काका, वर यायचंय का? खाटेवर?"

काकांनी होकाराची मान हलवली. सगळ्यांना दिसेल अशी हलवली.

दीर म्हणाला, "त्याचा आता काय आयकाचा नसतो, बाय. तो गेलाय. ह्यो नुस्ता वारा फिरतो."

डॉक्टर आले, घाम पुसत. त्यांना वेगळीच धास्ती होती. दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब तपासणीला येणार होते. डॉक्टरांनी दिराला समजावलं, मावशींना हात जोडले, नोंदणी जाईल, एवढी सगळी माणसं रस्त्यावर येतील म्हणून सांगितलं. दीर म्हणाला, "तुमचा कागुद तुमी बघा. आमचा मानूस आमी बघतो." डॉक्टरांनी होतं नव्हतं ते इंजेक्शन लादीवर उकिडवं बसून दिलं. रबरी गादी तरी खाली सरकवू द्या, म्हणून मी किती गयावया केली. मावशींनी नाही म्हटलं, अंगाला जमीन लागली पाहिजे. घोंगडीच्या आत लपवून मी कापसाची कडी ठेवली. त्यांनी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

सकाळी आले तेव्हा काकांचा उजवा हात खाटेच्या पायाला होता. लोखंडी पाय त्यांनी मुठीत धरला होता. अंगात ताकद म्हणून काही उरली नव्हती, पण ती मूठ अशी होती की मला सोडवता आली नाही. पाठीखालची घोंगडी ओली झाली होती. कंत्राटाच्या बायकांनी ठरल्या वेळी लादी पुसली. फिनेलचं पाणी त्यांच्या भोवतीने गेलं, घोंगडीच्या कडेला थांबलं. मावशी पदराने वारा घालत होत्या.

आणि मी आयुष्यात पहिल्यांदा सरकारच्या माणसाची वाट बघत होते. ज्या अटीला मी वर्षभर शिव्या घातल्या होत्या, तिच्यासाठी मी देव पाण्यात घातले होते. मला वाटत होतं, साहेब येतील, लादीवर पेशंट बघून भडकतील, 'उचला आत्ताच्या आत्ता' म्हणतील. सरकारपुढे गाव नमतं. दिराला सांगायला कारण होईल, मावशींनाही होईल. आमचा इलाज नव्हता, साहेबांनी उचलायला लावला. या माणसाला आणखी एखादा दिवस का होईना, गादीवर कुशीला वळून झोपता येईल. मला एवढंच हवं होतं.

साहेब आले. आदल्या वर्षीचेच. डॉक्टर त्यांच्या मागे, पांढरेफटक. साहेब खोलीच्या दारात थांबले, त्यांनी आत पाहिलं, आणि बूट काढले. बूट काढताना पाहूनच मला कळलं, हे आता भडकणार नाहीत.

ते मोज्यांनी आत आले. तुळस, गंगाजळ, मावशी, बाहेर कुंपणाशी बसलेली माणसं, हे सगळं त्यांनी पाहिलं, आणि हात जोडले.

मी म्हटलं, "साहेब, जमिनीवर पेशंट आहे. तुमची अट आहे."

"असू द्या, सिस्टर."

"असू द्या कसं? लेखी आहे तुमचं."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरले होते. "गेल्या श्रावणात माझे वडील गेले," ते म्हणाले. "आम्हीही असंच खाली घेतलं होतं. त्या वेळी लक्षात आलं, आपण इथे काय लिहून गेलो होतो. नियम शेवटी माणसांसाठी असतात. आम्ही काही कसाई नाही."

"साहेब, हा माणूस शुद्धीवर आहे. त्याला वर यायचंय. हात बघा त्याचा."

साहेबांनी खाटेच्या पायावरची मूठ पाहिली. वाकून तिच्यावर हळूच हात ठेवला. "शेवटी आधार लागतो माणसाला," ते म्हणाले. काका त्यांच्याकडे टक लावून बघत होते. घशातून काहीतरी आवाज आला. साहेबांनी डोळे मिटून घेतले, त्यांना तो नामस्मरणासारखा वाटला असावा.

मी रडायला लागले. मी कधी कामावर रडत नसे. साहेबांना वाटलं, मी त्यांच्या बोलण्याने गहिवरले. "तुम्ही तरुण आहात," ते म्हणाले, "कळेल हळूहळू." आणि डॉक्टरांकडे वळून म्हणाले की ती अट ते काढून टाकतील, प्रथेप्रमाणे शेवटच्या वेळी मुभा असावी असं वर कळवतील. डॉक्टरांच्या तोंडावर रंग परत आला. दीर साहेबांच्या पाया पडला. अंगणात बातमी गेली तेव्हा एक म्हातारा मोठ्याने म्हणाला, "देवमानूस हाय सायेब." होतेच. त्यांच्याइतका चांगला अधिकारी मी पुढे पाहिला नाही, आणि ती अट खरोखरच निघाली. पुढे कित्येक घरांनी त्यांना दुवा दिला असेल. पण त्या सकाळी ते जरा कमी चांगले असते तर मी त्यांचे पाय धुतले असते.

ते गेल्यावर मी डॉक्टरांना म्हटलं, आता तुम्ही सांगा. डॉक्टर म्हणाले, "कोणत्या तोंडाने सांगू? सरकारने परवानगी दिली." त्यांना सुटल्यासारखं वाटत होतं आणि त्याची लाजही वाटत होती. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय, अशी त्यांची गत मला कळत होती, तरी मी त्यांच्याशी पुढे आठवडाभर बोलले नाही.

काका त्या दिवशी गेले नाहीत. रात्रीही नाहीत. इंजेक्शन संपलं होतं. घोंगडीखाली मी जे काही सरकवू शकत होते ते सरकवत राहिले. बाहेरची माणसं पाळीपाळीने गावात जाऊन जेवून येत होती. त्यांच्यातलाच कुणीतरी एकदा म्हणाला, "जीव कशान अडाकला हाय याचा?" आणि बायका विचार करायला लागल्या की कुणाला भेटायचं राहिलं, कुठला नवस राहिला. मी खोलीत एकदा मोठ्याने म्हटलं, "खाटेत अडकलाय."

त्याच्या पुढच्या सकाळी श्वास थांबला तो थांबलाच. मी खूप वेळ हात ठेवून बसले. या वेळी मला खात्री करून घ्यायची होती.

मूठ खाटेच्या पायाला तशीच होती. माणसं आत यायच्या आधी ती सोडवायला हवी होती. मी पुढे झाले तर मावशींनी मला बाजूला केलं. त्यांनी स्वतः एकेक बोट सोडवलं, हळूहळू, दुखू नये अशा बेताने. मग तो हात त्यांनी आपल्या मांडीवर घेतला. तळव्याला खाटेचा पांढरा रंग लागला होता, तो त्या पदराने पुसत बसल्या. माझ्यातला राग अजून गेला नव्हता. मी म्हटलं, "मावशी, त्यांना वर यायचं होतं."

"मना कलत व्हता," त्या म्हणाल्या. "पयल्या दिवसापासना कलत व्हता. बायको हाय ना मी त्याची."

"मग?"

रंग निघत नव्हता, त्या पुसत राहिल्या.

"वर घेतला असता, तर परत एकदा खाली घेवाला लागला असता ना," त्या म्हणाल्या. "दोनदा नसता जमला मना, बाय."